त्वचेचे प्रश्न : चामखिळीला मूळ नसते

या वेळी चामखिळींबद्दलची पत्रे इतकी आली की सगळे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी आवरून घेतली आहेत आणि नावे गाळली आहेत. माझा दवाखाना सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. तिथे चामखीळ रोज दिसते, आणि तिच्यावर केलेल्या उपायांच्या जखमाही तितक्याच वेळा दिसतात. चुन्याने भाजलेले बोट, बिब्ब्याने फोडाफोडांनी भरलेला गाल, कोरून कोरून खड्डा पडलेला तळपाय. म्हणून काही उत्तरे मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांवर खडबडीत चामखिळी आल्या आहेत. सुरुवात नखाजवळ झाली, आता दोन्ही हातांवर आहेत. सासूबाईंनी एकीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला, तर ती सुजून पू झाला. शाळेत त्याला वेगळ्या बाकावर बसवतात. आमचे डॉक्टर म्हणतात, थांबा, आपोआप जातील. किती दिवस थांबायचे? वांगी, अंडी सगळे बंद केले आहे. – एक आई, बार्शी

आधी शाळेचे. मुलाला वेगळे बसवण्याची काहीही गरज नाही. हे उत्तर कापून वर्गशिक्षिकांना दाखवलेत तरी चालेल. चामखीळ संसर्गाने होते हे खरे, पण शाळकरी वयात तो संसर्ग घरात, मैदानावर, मित्रांच्या हातात हात घालताना सगळीकडेच भेटतो. एका मुलाला बाजूला काढून तो थांबत नाही. त्या मुलाच्या मनावर मात्र ओरखडा उठतो.

चामखीळ होते ती ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे. १९०७ साली इटलीतल्या जुसेप्पे च्युफो या डॉक्टरने चामखिळीचा अर्क अगदी बारीक गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून साधे जंतू पलीकडे जाऊ शकत नव्हते. तरीही तो अर्क टोचल्यावर चामखीळ उठली, आणि हे काम जंतूंहून लहान अशा कशाचे तरी आहे हे कळले. आज या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. प्रत्येकाची आवडती जागा वेगळी. हातावरच्या खडबडीत चामखिळींमागे बहुधा २, ४, २७ आणि ५७ हे प्रकार असतात. तळपायाला १ नंबरही आवडतो, चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळी ३ आणि १० मुळे येतात, जननेंद्रियांवरच्या ६ आणि ११ मुळे. तुमच्या मुलाच्या बोटावरच्या विषाणूचा कॅन्सरशी संबंध नाही, हे तुम्ही विचारले नसले तरी सांगून ठेवते. ती शंका मनात असतेच.

विषाणू आत शिरायला अगदी बारीक चीर पुरते. खरचटलेली जागा, पाण्यात भिजून मऊ झालेली कातडी, आणि मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा दाताने कुरतडलेले नख. सुरुवात नखाजवळ झाली असे तुम्ही लिहिता, तेव्हा तो नखे खातो का ते पाहा. खात असेल तर ती सवय सोडवणे हा उपचाराचाच भाग आहे, नाहीतर चामखिळी ओठावरही येतात. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे ती कोणाकडून आली हे शोधत बसू नका.

आता थांबण्याबद्दल. तुमचे डॉक्टर बरोबर सांगत आहेत. मुलांच्या साधारण निम्म्या चामखिळी वर्षभरात आपोआप जातात, दोन वर्षांत दोन-तृतीयांश. आणि अशा गेल्या तर मागे डागही राहत नाही. वेळ लागतो, कारण हा विषाणू रक्तात जात नाही. तो कातडीच्या सर्वांत वरच्या थरात राहतो, तिथल्या पेशी जाड करतो, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता उशिरा लागतो. एकदा लागला की कित्येकदा सगळ्या चामखिळी एकदम वाळतात.

पण ‘थांबा’ म्हणजे ‘काहीच करायचे नाही’ असे नव्हे. चामखीळ दुखत असेल, लिहिताना आड येत असेल, नखाखाली शिरत असेल, भराभर वाढत असेल किंवा मुलगा हात खिशात लपवू लागला असेल, तर उपचार करायला हवेत. त्या वयाला सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे औषध चालते. ते कसे लावायचे ते पुढच्या उत्तरात दिले आहे, प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून. आठ वर्षांच्या मुलाला चार माणसांनी धरून चामखिळी जाळायला मी तयार होत नाही. तो दवाखान्याला जन्मभर घाबरेल, आणि ज्या आजारासाठी हे करायचे तो स्वतःहून जाणारा आहे.

केस बांधण्याचा उपाय घराघरांत आहे. मानेवर देठाला लोंबणाऱ्या मऊ चामखिळीचा रक्तपुरवठा त्याने तुटतो आणि ती गळते, म्हणून त्यावर विश्वास बसला. बोटावरच्या चामखिळीला देठ नसतो, बूड रुंद असते. तिथे केस नुसता कातडी कापतो आणि जखमेत पू होतो. सासूबाईंना हे समजावून सांगा, त्यांचा हेतू चांगलाच होता. सूज उतरली नसेल तर आधी त्यावर औषध घ्या.

वांगी आणि अंडी आजच सुरू करा. चामखिळीला पथ्य नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे अंडे बंद करणे हेच त्याचे नुकसान.

यंत्रमागावर रोज बारा तास उभा राहतो. डाव्या टाचेच्या पुढे कुरूप झाले होते. दोनदा बधिर करून मुळासकट काढले, दोन्ही वेळा परत आले. आता शेजारी आणखी तीन-चार आली आहेत. मूळ आत राहिले असेल का? तिसऱ्यांदा खोल काढायला सांगतात. – इचलकरंजी

तिसऱ्यांदा काढू नका. तुमच्या वर्णनावरून हे कुरूप वाटत नाही, तळपायाची चामखीळ वाटते. कुरूप शेजारी पिल्ले घालत नाही.

दोन्हींतला फरक घरीही बराचसा कळतो. कुरूप म्हणजे सततच्या दाबाने एका जागी घट्ट झालेली कातडी. ती हाडाच्या उंचवट्यावर येते, वरून अंगठ्याने दाबली की कळ येते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. तळपायावर हाताच्या ठशांसारख्या रेषा असतात. कुरुपात त्या वरून तशाच जातात, चामखिळीपाशी येऊन तुटतात आणि कडेने वळसा घेतात. वरची मृत कातडी घासली की चामखिळीत काळे ठिपके दिसतात, थोडे खोल गेले तर त्यांतून रक्ताचे बारीक थेंब येतात. कुरुपात काळे ठिपके नसतात, मध्ये पारदर्शक, कठीण खुंटी असते.

हे काळे ठिपके म्हणजेच लोकांच्या मनातले ‘मूळ’ किंवा ‘बी’. ते मूळ नव्हे. चामखीळ वाढताना रक्ताच्या केशवाहिन्या तिच्यात वर ओढल्या जातात, त्यांत रक्त गोठते आणि ते काळे दिसते. चामखीळ सगळीच्या सगळी कातडीच्या वरच्या थरात असते. तळपायावर अंगाचा भार तिला आत दाबतो म्हणून ती खोल वाटते, पण खालच्या थरात ती मुळे सोडत नाही. मग परत का येते? कारण आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही विषाणू असतो. तुम्ही मधले कोरून काढता, कडेचा तसाच राहतो आणि जखमेच्या कडेने नव्याने उगवतो. जास्त खोल कोरल्याने तो मरत नाही. खालचा थर मात्र कापला जातो, तिथे व्रण धरतो, आणि भार पडणाऱ्या जागेवरचा व्रण वर्षानुवर्षे दुखू शकतो. तुम्हाला बारा तास त्याच पायावर उभे राहायचे आहे. म्हणून इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

करायचे ते असे. रोज रात्री पाय पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवा. वज्रीने किंवा घासपट्टीने वरची पांढरी, मऊ झालेली कातडी घासून काढा. रक्त येईपर्यंत नको. ती वज्री फक्त तेवढ्यासाठी ठेवा, घरात दुसऱ्या कोणी वापरायची नाही आणि तुमच्याही चांगल्या कातडीवर फिरवायची नाही. पाय कोरडा करा. चामखिळीभोवती पेट्रोलियम जेलीचे कडे करा म्हणजे निरोगी कातडी भाजणार नाही. मग सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे द्रव औषध नेमके चामखिळीवर लावा. बाजारात बहुधा सॅलिसिलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिड प्रत्येकी सुमारे १७ टक्के असे मिश्रण मिळते. ते वाळू द्या आणि वर चिकटपट्टी लावा. बाटली विस्तवाजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ उघडू नका, औषध पेट घेते. जागा लाल होऊन हुळहुळली तर दोन-तीन दिवस थांबा, पुन्हा सुरू करा.

हे निदान बारा आठवडे. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दहा दिवस लावतात, फरक दिसत नाही, बाटली फळीवर जाते. तळपायाची चामखीळ ही सर्वांत चिवट हे मी लपवत नाही. ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. घरी लावायचे सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि दवाखान्यात द्रव नायट्रोजनने गोठवणे, दोन्हींत बारा आठवड्यांनी पूर्ण बऱ्या झालेल्यांचे प्रमाण १४ टक्केच निघाले. म्हणजे महागाचा उपाय वरचढ ठरला नाही, आणि स्वस्तातलाही एकट्याने पुरला नाही. म्हणून मी दोन्ही जोडीने वापरते, किंवा शेवटच्या प्रश्नात आलेल्या इंजेक्शनांकडे वळते. गोठवणे म्हणजे उणे १९६ अंशांचे नायट्रोजन काही सेकंद लावायचे. आग होते, फोड येतो, दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. इचलकरंजीहून कोल्हापूर किंवा मिरजेला जाऊन ही सोय शोधता येईल. जाताना तपासणाऱ्या डॉक्टरांना आधीच्या दोन्ही शस्त्रक्रिया सांगा.

कारखान्यात अनवाणी फिरू नका. मोजे रोज बदला. पाय घामाने भिजलेले राहिले की चामखीळ पसरते.

माझे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. कपाळावर आणि भुवयांच्या वर बारीक, चपटे, कातडीच्याच रंगाचे दाणे उठलेत. थ्रेडिंग केल्यावर एका ओळीत वाढले. मैत्रिणीने सांगितलेल्या क्रीमने आधी बरे वाटले, आता दुप्पट झालेत. जाळून टाकू का? – नाशिक

क्रीमच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने चेहरा आठवडाभर उजळ आणि गुळगुळीत वाटतो, त्याच वेळी कातडीची प्रतिकारशक्ती झोपते आणि विषाणूला रान मोकळे मिळते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही क्रीमे सर्रास विकली जातात आणि मुलींचे चेहरे बिघडतात, याचा मला मनापासून राग येतो. मात्र खूप दिवस लावली असेल तर एकदम थांबवल्यावर चेहरा लाल होऊ शकतो, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच थांबवा.

तुम्हाला आहेत त्या चपट्या चामखिळी. ओळीत आल्या कारण थ्रेडिंगच्या दोऱ्याने बारीक ओरखडे पडले आणि त्यांतून विषाणू पेरला गेला. थ्रेडिंग, वॅक्सिंग, स्क्रब तूर्त बंद. लग्नाआधी जाळून घेऊ नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला भाजलेल्या जागी काळा किंवा पांढरा डाग धरायची खोड आहे आणि तो डाग दोन महिन्यांत जात नाही. चपट्या चामखिळी मेकअपखाली झाकल्या जातात, डाग झाकणे अवघड. रात्री लावायचे ट्रेटिनॉइनचे मलम डॉक्टर देतील. ते सावकाश काम करते, आणि गरोदरपणात चालत नाही, म्हणून लग्नानंतरचा विचार डॉक्टरांना आधीच सांगा. मध्येच एखाद्या आठवड्यात सगळ्या चामखिळी लाल होऊन खाजू लागल्या तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो जाण्याचा रस्ता असतो.

मी बारावीत आहे. दाढी करायला लागल्यापासून हनुवटीवर आणि गळ्यावर बारीक काट्यांसारख्या चामखिळी आल्यात. दर आठवड्याला वाढतात. – सोलापूर

ब्लेड फिरवणे बंद कर. प्रत्येक वेळी ब्लेड एका चामखिळीचे डोके कापते आणि विषाणू पुढच्या जागेवर नेऊन ठेवते. चामखिळी जाईपर्यंत ट्रिमरने वरवर केस कमी कर, ट्रिमर तुझा एकट्याचा असू दे. सलूनमध्ये जावेच लागले तर नवे ब्लेड तुझ्यासमोर लावायला सांग आणि टॉवेल घरून ने. नव्या ब्लेडचा आग्रह केवळ चामखिळीसाठी नाही, कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांच्यासाठीही आहे, तेव्हा संकोच करू नकोस. तुझ्या प्रकारातल्या चामखिळी देठाच्या असतात. बधिर करणारे मलम लावून कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाने, हलक्या हाताने काढता येतात. चेहऱ्यावर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, रुईचा चीक, चुना, काहीही लावू नकोस. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

वय ६८, पंधरा वर्षांपासून मधुमेह. मानेभोवती आणि काखेत बारीक लोंबत्या चामखिळी वाढत चालल्या आहेत. तसेच पायाच्या करंगळीला कुरूप आहे, त्यावर औषधाच्या दुकानातून आणलेली कॉर्न कॅप लावतो आहे. – नांदेड

आधी कॉर्न कॅप काढा. पत्र वाचता वाचताच काढा. तिच्या मधल्या चकतीत बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड असते. कुरूप कोणते आणि करंगळी कोणती हे त्याला कळत नाही. पंधरा वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणजे भाजले तरी तुम्हाला समजणार नाही, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर झालेली जखम भरणार नाही. अशा साध्या चकतीपासून सुरू होऊन बोट कापण्यापर्यंत गेलेले पाय मी पाहिले आहेत. आजच चांगल्या उजेडात पाय पाहा, घरातल्या कोणाला पाहायला सांगा. कातडी पांढरी पडली असेल, फोड, पाणी किंवा वास असेल तर उद्यावर टाकू नका. कुरुपाचे खरे औषध म्हणजे रुंद, मऊ चप्पल. करंगळीवर दाब पडतो तोवर ते येतच राहणार. वरचा घट्टा तासून घ्यायचा असेल तर तो डॉक्टरांकडूनच.

मानेवरच्या लोंबत्या चामखिळी हा वेगळाच प्रकार आहे. त्यांच्यामागे विषाणूचा संसर्ग नसतो, त्या दुसऱ्याला लागत नाहीत. वय, वजन, घर्षण आणि शरीरातले वाढलेले इन्शुलिन यांच्याशी त्यांचे नाते आहे. निरुपद्रवी असतात, काढल्या नाहीत तरी चालते. नको असतील तर साखर आटोक्यात असताना काही मिनिटांत काढता येतात. तुमच्या मुला-नातवंडांपैकी कोणाच्या मानेवर अशा चामखिळी आणि मखमली काळी कातडी दिसली, तर ती मळ समजून घासत बसू देऊ नका, त्यांची रक्तातली साखर तपासून घ्या.

भातशेती करतो. तीन वर्षांपूर्वी घोट्याजवळ काटा लागला होता. तिथे चामखिळीसारखा खरखरीत चट्टा उठला आणि हळूहळू तळहाताएवढा झाला. दुखत नाही, खाजत नाही. दोनदा जाळून घेतला. – चिपळूण

या सगळ्या पत्रांत मला तुमचे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटते. ही चामखीळ नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

चामखीळ तळहाताएवढी एकसंध पसरत नाही. तीन वर्षे एकाच दिशेने सावकाश पसरणारा, एका पायापुरता, न दुखणारा खरखरीत चट्टा दिसला की मी दोन गोष्टी आधी मनात आणते. एक, कातडीचा क्षयरोग. क्षयाचा जंतू फुप्फुसातच राहतो असे नाही. थुंकी पडलेल्या जमिनीवर अनवाणी चालताना जखमेतून तो कातडीत शिरतो आणि अगदी चामखिळीसारखा चट्टा करतो. अशा चट्ट्याची एक कड पुढे सरकते आणि दुसरीकडे व्रण धरून तो बरा होत असल्यासारखा दिसतो. दोन, माती आणि कुजक्या लाकडात राहणारी एक बुरशी. ती काट्यावाटे आत जाते. कोकणपट्टीसारख्या दमट भागातल्या शेतकऱ्यांत ती आढळते. तिच्या चट्ट्यावरही काळे ठिपके दिसतात, म्हणून फसगत होते.

दोन्हींचे निदान तुकड्याच्या तपासणीने, म्हणजे बायॉप्सीने होते. पंधरा मिनिटांचे काम, एक-दोन टाके. क्षय निघाला तर सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि चट्टा पूर्ण बरा होतो. बुरशी निघाली तर इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या अनेक महिने घ्याव्या लागतात. पण आता जाळणे पुरे. जाळल्याने वरचे खरखरीत झाकण जाते, आतले तसेच वाढते, आणि वर्षे वाया जातात.

हेच निमित्त साधून सगळ्यांना सांगते. पन्नाशीनंतर नव्याने आलेली एकच ‘चामखीळ’, विशेषतः नखाभोवतीची, जी महिनोन्‌महिने उपचारांनी जात नाही, चिघळते किंवा सहज रक्त येते, ती तुकडा तपासल्याशिवाय जाळू देऊ नका. तिथे कॅन्सर लपू शकतो. तळपायावर रंग-आकार बदलणारा काळा डाग असेल तर तोही दाखवा. मेलॅनोमा हा कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांत उन्हाच्या जागी येतो, आपल्याकडे तो तळपायाला आणि नखाखाली जास्त सापडतो.

पाचवा महिना चालू आहे. खालच्या जागेवर चामखिळीसारखे कोंब आले आहेत आणि वाढताहेत. नवऱ्याला सांगायची हिंमत होत नाही. मला कॅन्सर होईल का? बाळाला होईल का? ही कोणाकडून आली? – नाव नको

तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. एकेक करून सांगते.

कॅन्सर: या चामखिळी दहापैकी नऊ वेळा एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मुख्यतः १६ आणि १८ मुळे होतो. म्हणजे चामखीळ आली म्हणून कॅन्सर होणार असे नाही. पण एका प्रकाराबरोबर दुसराही आलेला असू शकतो, म्हणून बाळंतपणानंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या आणि पुढेही ठरलेल्या अंतराने करत राहा.

कोणाकडून: हे कोणीही डॉक्टर सांगू शकत नाही. संसर्गानंतर चामखीळ काही आठवड्यांत दिसू शकते, काही महिन्यांतही, आणि विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहून गरोदरपणात डोके वर काढू शकतो, कारण त्या काळात शरीराची प्रतिकारशक्ती बदललेली असते. लग्नाआधीचा, जुना, कोणाच्याही लक्षात न आलेला संसर्ग आज दिसत असेल. म्हणून तुम्ही स्वतःवर आळ घेऊ नका आणि नवऱ्यावरही लगेच ठेवू नका. त्यांना सांगणे मात्र गरजेचे आहे, कारण त्यांचीही तपासणी व्हायला हवी. एकटीने सांगणे जड वाटत असेल तर दोघे मिळून डॉक्टरांसमोर बसा. हे संभाषण आमच्या टेबलापाशी रोज होते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

बाळ: बाळाला त्रास होण्याची शक्यता फार थोडी आहे. केवळ चामखिळी आहेत म्हणून सिझेरियन करत नाहीत. त्या वाट अडवण्याइतक्या मोठ्या असतील किंवा रक्तस्रावाची भीती असेल तरच तो विचार होतो. गरोदरपणात त्या गोठवून, कॉटरीने किंवा डॉक्टरांनी स्वतः लावायच्या ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने काढता येतात. पोडोफायलिन नावाचे तपकिरी औषध मात्र गरोदरपणात अजिबात चालत नाही. दुकानातून कोणी आणून दिले तर लावू नका. इमिक्विमॉड नावाचे मलमही टाळतात. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते, तिथे हे मोफत होते आणि नाव गुप्त राहते.

बाळंतपणानंतर लसीबद्दल विचारा, तुमचे वय बसत असेल तर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ पासून आहे, ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे. मुली आणि मुलगे दोघांनाही ९ ते २६ या वयात देता येते. १४ पर्यंत दोन डोस, त्यानंतर तीन. आलेल्या चामखिळी तिने जात नाहीत, न झालेला संसर्ग ती टाळते. वाचकांनी आपल्या वयात येणाऱ्या मुलींचा, आणि मुलग्यांचाही, विचार यासाठी करावा असे मला कळकळीने वाटते. हातापायाच्या चामखिळींचे प्रकार या लसीत नाहीत, त्यासाठी ती घ्यायला येऊ नका.

थुजाच्या होमिओपॅथिक गोळ्यांनी माझ्या भावाच्या चामखिळी गेल्या, चुलतभावाच्या नवस बोलल्यावर गेल्या. मग तुम्ही ते का देत नाही? – अकोला

तुमच्या भावाच्या चामखिळी गेल्या यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या आपोआप जातात, आणि जाण्याआधी शेवटचे जे केले त्याला श्रेय मिळते. हे तपासायचे तर गोळी घेणारे आणि न घेणारे असे दोन गट सारख्याच काळात पाहावे लागतात. कॅनडात तळपायाच्या चामखिळींवर होमिओपॅथीची अशी चाचणी झाली, १९९२ मध्ये ती छापली गेली. खऱ्या आणि खोट्या गोळ्यांत फरक आढळला नाही. नवस बोलण्याला माझी हरकत नाही, त्याने कातडी भाजत नाही. अंगाला अपाय करणारे उपाय मात्र करू नका.

तीस-पस्तीस चामखिळी आहेत, दोन वर्षे झाली. जाळून, औषध लावून थकलो. आता डॉक्टर म्हणतात, लहान मुलांना देतात ती गोवर-गालगुंड-रुबेलाची लस एका चामखिळीत टोचतो, बाकीच्याही जातील. हे खरे असते का? – पनवेल

खरे असते, नेहमी नसले तरी. पहिल्या उत्तरात लिहिले की विषाणू वरच्या थरात राहतो आणि शरीराला त्याचा पत्ता उशिरा लागतो. तुम्ही लिहिलेली ही लस, म्हणजे एमएमआर, ज्या विषाणूंची आहे त्यांना आपले शरीर ओळखते. ती चामखिळीत टोचली की संरक्षक पेशी त्या जागी धावून येतात आणि तिथे त्यांना चामखिळीचा विषाणूही सापडतो. एकदा ओळख पटली की त्या अंगभर त्याला शोधतात. हातावरच्या एका चामखिळीत टोचलेल्या सुईने पायावरच्या चामखिळी गळालेल्या मी पाहिल्या आहेत. त्याच कारणाने हा उपचार मला आवडतो. कातडीवर व्रण राहत नाही आणि बरे झाल्यावर परत येण्याचे प्रमाणही कमी असते.

दर दोन-तीन आठवड्यांनी थोडीशी लस सर्वांत मोठ्या चामखिळीत देतात, साधारण पाच वेळांपर्यंत. टोचताना बऱ्यापैकी दुखते, त्या रात्री कणकण येऊ शकते. काही डॉक्टर त्याऐवजी ड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन वापरतात. काही जण तुमच्याच चामखिळीचा कण काढून हाताच्या कातडीखाली ठेवतात. तत्त्व तेच. लस मुळात या कामासाठी बनलेली नाही, म्हणून डॉक्टरांनी ते तुम्हाला सांगून, तुमची संमती घेऊन करावे. गरोदर स्त्रिया, प्रत्यारोपणाची किंवा कॅन्सरची औषधे घेणारे, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे असे लोक यांना ही जिवंत लस देत नाहीत.

त्यावरून एक विचारते. दोन वर्षांत इतक्या चामखिळी आणि एकही उपाय लागू नाही, तर एचआयव्ही आणि साखरेची तपासणी झाली आहे का? बहुतेकांची नॉर्मल येते, तुमचीही यावी. तरी पहिले इंजेक्शन घेण्याआधी ती करून घ्या, आणि संधिवातासाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या.